कोल्हापूरच्या अंबाबाईला पहिल्यांदाच निघालात?

पहिल्या खेपेला नवरात्र नको. दिवस रांगेत जातो आणि देऊळ बघायचं राहतं. साधा शुक्रवार धरा, रात्री पालखीही मिळेल.

नवखे हमखास फसतात ते किरणोत्सवाला. देवी पश्चिमाभिमुख. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीची किरणं गाभाऱ्यात येतात: आधी चरण, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख. पण ढग आले की किरणं वाटेतच विरतात, तेव्हा एकाच संध्याकाळच्या भरवशावर लांबून येऊ नका.

कथा तूर्त दोनच पुरेत. एक कोल्हासुराच्या वधाची, दुसरी रुसलेल्या त्र्यंबोलीची, म्हणजे टेंबलाईची. नवरात्रातल्या ललितापंचमीला अंबाबाई तिच्या भेटीला टेंबलाईच्या टेकडीवर जाते आणि तिथे कोहळा फोडतात. (तुकड्यासाठी जी झुंबड उडते, ती लांबूनच बघा!)

आणखी दोन गोष्टी:
- साडी-दागिन्यांत मूर्ती झाकलेली असते. उजव्या हातातलं म्हाळुंग (लिंबाच्या जातीचं मोठं फळ) आधीच माहीत असू द्या.
- त्याच देवळातल्या महाकाली, महासरस्वती चुकवू नका. बरेच जण मुख्य दर्शन झालं की थेट चपला शोधायला पळतात.

स्थापत्य, मूर्तिशास्त्राचे वाद नंतर बघू. आधी जाऊन तर या.