ऐरोलीतल्या फ्लॅटमध्ये माशांच्या टाकीखालच्या कॅनिस्टर फिल्टरच्या (बंद डब्यासारख्या फिल्टरच्या) झाकणातून पाणी गळतंय, नवा घ्यावा का?

इतक्यात नको. झाकणाखालची रबरी रिंग काढून बोटांनी चाचपा; वाळूचा एक कण अडकला तरी थेंब थेंब गळतं. खाच जुन्या टूथब्रशने घासा, रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन नको, काही रबर त्याने फुगतं. रिंग चपटी किंवा कडक झाली असेल तर बदला. झाकणाची क्लिपच तुटली असेल तर मात्र दुरुस्तीवर खर्च करत बसू नका, नवाच घ्या.

खरी भीती सायफनची, म्हणजे टाकीतलं पाणी पाइपमधून आपोआप खाली ओढलं जाण्याची. लाइट गेली तरी पाणी खाली येतच राहतं, मग खालच्या मजल्यावरचे जिना चढून येणारच! पाणी ओढणाऱ्या पाइपला पृष्ठभागाखाली दोन-तीन इंचांवर बारीक भोक पाडा. पातळी तिथे आली की हवा शिरून सायफन तुटतो. परतीच्या पाइपचं तोंडही खोल बुडवू नका. तोवर फिल्टर टबात ठेवा.