सीटीसी १८ लाख, भाडं वांद्र्याचं

प्रश्न : नाशिकला स्वतःच्या घरात राहतो. बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुल) कंपनीची ऑफर आहे : सीटीसी, म्हणजे कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, १८ लाख; त्यात बेसिक (मूळ पगार) ७.२० लाख, एचआरए (घरभाडे भत्ता) ३.६० लाख, व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा भाग) १.८० लाख. टू बीएचके वांद्रे पूर्वेला ८५ हजारांत मिळतोय, मुलुंडला ४५ हजारांत. ऑफिसजवळच राहावं म्हणतो. एचआरएमुळे करही वाचेल ना?

उत्तर : आधी हातात काय पडतं ते बघू. व्हेरिएबल वर्षाअखेरीस मिळालंच तर मिळेल, त्याच्या भरवशावर भाडं ठरवू नका. कंपनीचा पीएफ (बेसिकच्या १२ टक्के, ८६,४००) आणि ग्रॅच्युइटी (४.८१ टक्के, सुमारे ३४,६००) सीटीसीतच धरलेली असते. हे वजा जाता उरतात १४.९९ लाख. त्यातून तुमचा पीएफ ८६,४००, व्यवसाय कर २,५०० आणि नव्या करप्रणालीत २०२५-२६च्या दरांनी सुमारे ९७,३०० आयकर. हे कापून हातात महिन्याला साधारण १ लाख ९ हजार. वांद्र्याचं भाडं दिलं की उरले २४ हजार, मुलुंडचं दिलं तर ६४ हजार. मुलांची शाळा असेल तर २४ हजारांत संसार ओढणं कठीण.

आता एचआरए. नव्या प्रणालीत ही सवलत नाहीच. जुन्या प्रणालीत तीन आकड्यांपैकी सर्वांत लहान तेवढा करमुक्त : मिळालेला एचआरए, मुंबईसाठी बेसिकच्या ५० टक्के, किंवा भाडं वजा बेसिकचे १० टक्के. तुमची सवलत ३.६० लाखांना अडते आणि त्यासाठी महिना ३६ हजार भाडं पुरतं. म्हणजे वांद्र्याच्या वरच्या ४० हजारांवर कर एक रुपयाही वाचत नाही. ८०सीचे (पीएफ, विमा अशा बचतीवरच्या वजावटीचे) दीड लाख पूर्ण धरले तरी जुन्या प्रणालीत कर १ लाख ४ हजारांच्या आसपास जातो.

सुरुवातीची रोख वेगळी काढून ठेवा. तीन महिन्यांचं डिपॉझिट, एका महिन्याची दलाली आणि पहिलं भाडं धरलं तर वांद्र्यात सव्वाचार लाख, मुलुंडला सव्वादोन. टेम्पो-हमाली वेगळीच.

मुलुंडची खरी किंमत प्रवासात आहे. लोकलने कुर्ला, पुढे शेअर रिक्षा. सकाळी निभतं, संध्याकाळी बीकेसीतून रिक्षा मिळवताना जीव जातो. दुसरी वाट म्हणजे लोकलने घाटकोपर, मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथून मेट्रो ३ ने बीकेसी. गाड्या बदलाव्या लागतात, पण रिक्षाची रांग टळते. घर ठरवण्याआधी सोमवारी ऑफिसच्या वेळेला दोन्ही वाटांनी जाऊन बघा, रविवारी नको.

आमचं मत मुलुंडच. वांद्र्याचा विचार घरात दुसरा पगार सुरू झाल्यावर करा. आणि एचआरशी बोलताना एकूण सीटीसीपेक्षा व्हेरिएबलमधला काही भाग फिक्स्डमध्ये घालून मागा.

प्रश्न : घरमालक म्हणतात, ‘नोटरी करू, नोंदणी कशाला?’ चालेल का?

उत्तर : नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. ती जबाबदारी मालकाची. खर्चही फार नाही : मुद्रांक शुल्क पाव टक्का, महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. पंचेचाळीस हजारांच्या घराला ११ महिन्यांचं शुल्क आणि फी मिळून अडीच हजारांच्या आत. नोंदणी आधारच्या अंगठ्यावर घरबसल्या होते. सहीआधी लॉक-इन (ज्या काळात घर सोडता येत नाही तो) आणि नोटिशीचा काळ वाचा. लॉक-इनमध्ये नोकरी सुटली तर डिपॉझिट तिथेच अडकतं.