कपड्यांच्या दुकानात बिलिंगला आहे. ग्राहक मोबाइल नंबर द्यायला तयार होत नाहीत. काय करू?

तुम्ही लिहिलंय की नोकरी नवी आहे, दर शंभर बिलांमागे अमुक इतके नंबर आलेच पाहिजेत असं मॅनेजरनी बजावलंय, आणि ग्राहक "तुम्हाला कशाला हवाय?" म्हणून चिडतात. काही जण तर निवडलेले कपडे काउंटरवरच सोडून निघून जातात. त्यांना नंबर द्यायला पटवायचं कसं, हा तुमचा प्रश्न.

मी आधी पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर साडीच्या दुकानात काउंटरला होते, पुढे मॉलमधल्या दुकानात कॅश सांभाळली, आणि आता नव्याने लागलेल्या मुलामुलींना काउंटरचं काम शिकवते. त्यांना पहिल्याच दिवशी सांगते तेच तुम्हाला सांगते: पटवण्याच्या मागे लागू नका. ग्राहक नाही म्हणतो त्याला कारण असतं, आणि बहुतेक वेळा ते रास्त असतं. कधी विचारायचं, कुठल्या आवाजात विचारायचं आणि नकार आला की पुढे काय करायचं, एवढंच आपल्या हातात आहे. ते नीट केलं तर ज्यांना नंबर द्यायचाच आहे ते आपणहून देतात.

दहा आकड्यांत एवढं काय आहे, असं काउंटरच्या आतून वाटतं. पण त्याच नंबरवर बँकेचे मेसेज येतात, आधार त्याला जोडलेलं असतं, यूपीआय त्यावर चालतं. नंबर पैसे पाठवायच्या ॲपमध्ये टाकला की नाव दिसतं, व्हॉट्सॲपवर टाकला की बऱ्याचदा फोटोही दिसतो. आता काउंटरवर काय घडतं ते आठवा. आपण "मॅडम, नंबर?" असं खणखणीत आवाजात विचारतो. त्या सांगतात. चुकू नये म्हणून आपण एकेक आकडा मोठ्याने परत म्हणून दाखवतो. ग्राहकाकडे तोंड करून ठेवलेल्या स्क्रीनवर त्यांचं नाव आणि पॉइंट झळकतात. मागे रांगेत माणसं उभी असतात. एकटी आलेली मुलगी नंबर देत नाही तेव्हा ती बहुधा तुमच्यामुळे थांबलेली नसते, तिच्या मागे उभा असलेला माणूस तो ऐकेल म्हणून थांबलेली असते. हे एकदा लक्षात आलं की तिचा राग येत नाही.

म्हणून पहिला बदल अगदी साधा: नंबर बोलायला लावूच नका. कार्ड मशीनसारखा छोटा कीपॅड असेल तर ग्राहकालाच टाकू द्या. नसेल तर एक कोरी चिठ्ठी पुढे करा, नंबर टाइप झाला की त्यांच्यासमोर ती फाडा किंवा त्यांच्याच हातात द्या. रजिस्टर ठेवू नका. आधीच्या चाळीस लोकांचे नंबर असलेली वही समोर सरकवली की शहाणा माणूस पेन खाली ठेवतो, कारण त्याच्या पुढचा माणूस त्याचाही नंबर तसाच वाचणार हे त्याला कळतं.

ओटीपीचं प्रकरण याहून अवघड आहे. ओटीपी कुणालाही सांगू नका, असं बँका आणि रिझर्व्ह बँक वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडून सांगतायत. मध्यंतरी कुठलाही फोन लावला की आधी सायबर फसवणुकीची सूचना ऐकावी लागायची. आणि आपण काउंटरवरून म्हणतो, "काका, एक ओटीपी आला असेल, सांगा ना!" काकांनी नाही म्हटलं तर त्यांनी बँकांनी सांगितलेलंच ऐकलं की! तुमच्या दुकानाच्या पॉइंट योजनेला ओटीपी लागत असेल तर आधी मेसेज त्यांना पूर्ण वाचू द्या. कुणाकडून आलाय आणि कशासाठी आहे ते त्यात लिहिलेलं असायला हवं. त्यांना चष्मा काढावा लागला तर थांबा. वाचून झाल्यावर नको म्हणाले तर विषय तिथेच संपवा. त्यांचा फोन आपल्या हातात घेऊन ओटीपी शोधू नका, त्यांनी स्वतःहून पुढे केला तरी.

आता एक गोष्ट जी साडीच्या आणि दागिन्यांच्या दुकानांत सर्रास चालते आणि मला मनापासून खटकते. सेल्सचा मुलगा नवीन डिझाइनचे फोटो पाठवतो म्हणून गिऱ्हाइकाचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये घेतो. हेतू वाईट नसतो. पण तो मुलगा नोकरी सोडून समोरच्या दुकानात जातो तेव्हा सगळे नंबर त्याच्याबरोबर जातात, आणि बाईंना न पाहिलेल्या दुकानाचे मेसेज यायला लागतात. क्वचित कधी रात्री अकराला 'हाय' पण येतं. एका दुकानात असं झाल्यावर तक्रार करायला आलेल्या ताईंचा चेहरा मी विसरलेले नाही. त्यांनी नंबर दुकानाला दिला होता, माणसाला नव्हता. तेव्हा फोटो पाठवायचे तर दुकानाच्या फोनवरूनच. स्वतःच्या फोनमध्ये एकाही ग्राहकाचा नंबर ठेवू नका, मॅनेजरनी सांगितलं तरी. यात तुमचंही रक्षण आहे.

नकार देणाऱ्याच्या बाजूने कायदा काय म्हणतो तेही माहीत असू द्या, म्हणजे मॅनेजरशी बोलताना पाय घट्ट राहतील. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने किरकोळ विक्रेत्यांना आणि उद्योग संघटनांना कळवलं की मोबाइल नंबर दिला नाही म्हणून माल किंवा सेवा नाकारणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अशा प्रथांची यादी आहे. बिल न देणं त्यात आहे, आणि ग्राहकाने विश्वासाने दिलेली माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला देणं हेही त्यात आहे. "नंबर नाही तर सिस्टिम बिल काढत नाही" हे वाक्य त्यामुळे तोंडातून जाऊच देऊ नका. मी पाहिलेल्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नंबरची जागा रिकामी ठेवता येते किंवा 'कॅश कस्टमर' म्हणून बिल निघतं. तुमच्याकडे ती सोय बंद करून ठेवली असेल तर ती चालू करायला सांगा. तसंच "नंबर दिला नाहीत तर बदलून मिळणार नाही" असंही म्हणू नका. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं याच कलमात येतं. त्यासाठी बिल पुरतं.

दुसरा कायदा नवा आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही ११ ऑगस्ट २०२३ ला झाली, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि त्या अधिसूचनेप्रमाणे दुकानांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतात. या कायद्यातलं एक उदाहरण आपल्याच काउंटरचं वाटावं असं आहे. एक बाई औषधाच्या दुकानात खरेदी करते आणि पैसे मिळाल्याची पावती मोबाइलवर पाठवा म्हणून आपणहून नंबर देते. दुकानाने तो नंबर पावती पाठवायला वापरावा, असं कलम ७ सांगतं. दिवाळीच्या सेलचा मेसेज त्यात बसत नाही. त्यासाठी वेगळं विचारावं लागेल, आणि ती संमती मोकळेपणाने दिलेली, विशिष्ट कामापुरती आणि बिनशर्त हवी. कशासाठी माहिती घेतोय याची सूचना ग्राहकाला मराठीतही मिळण्याची सोय हवी. दिलेली संमती काढून घेणं हे देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे. पाच सेकंदांत घेतलेला नंबर काढायला हेड ऑफिसला ईमेल करा, असं सांगून चालणार नाही.

अकरावी-बारावीची मुलं एकेकटी खरेदीला येतात त्यांच्याबद्दल विशेष जपा. १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर या कायद्याप्रमाणे आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती लागते. काउंटरवर ते होणं शक्य नाही, तेव्हा अशा मुलांना नंबर विचारूच नये असं माझं मत आहे. लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात वाढदिवसाच्या कूपनसाठी बाळाची जन्मतारीख भरून घेतात, तेही मला पटत नाही. एका टी-शर्टवरच्या सवलतीसाठी मुलाची जन्मतारीख कशाला मागायची?

काही वेळा माहिती घ्यावीच लागते, तेव्हा मात्र कचरू नका. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे नोंदणी नसलेल्या ग्राहकाचं बिल ५०,००० रुपये किंवा त्याहून जास्त असेल तर नाव आणि पत्ता बिलावर लागतो. लग्नाचा बस्ता असेल तर ही मर्यादा बघता बघता ओलांडली जाते. २ लाखांवरच्या खरेदीला पॅन मागण्याचा नियम २०१६ पासून आला. औषधाच्या दुकानात एच-१ यादीतल्या औषधांसाठी रुग्णाचं नाव नोंदवावं लागतं. अशा वेळी "सरकारी नियम आहे" एवढं पुटपुटू नका. कुठला नियम आणि कशासाठी ते सांगा. कारण कळलं की लोक तक्रार न करता देतात. पण जीएसटीच्या बिलाला मोबाइल नंबर लागतो, असं त्या नियमात कुठेही नाही. तो लागतो म्हणून सांगणं म्हणजे खोटं बोलणं.

आता विचारायचं कसं. पैसे घेऊन झाले, कागदी बिल छापून पिशवीत पडलं, की मग विचारा. आधी विचारलं की नंबर ही खरेदीची अट वाटते. आणि विचारताना ग्राहकाचा फायदा असेल तोच सांगा. बिलाच्या थर्मल कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडतात, हे खरं कारण आहे. ट्रॉली बॅग, घड्याळ, मिक्सर अशा वॉरंटीच्या वस्तूंना मोबाइलवर आलेलं बिल खरंच उपयोगी पडतं. "ताई, कागदी बिल पिशवीत ठेवलंय. मोबाइलवरही हवं असेल तर नंबर इथे टाका, नको असेल तरी काही अडत नाही." एवढं एक वाक्य पुरे. रुमाल आणि मोजे घेणाऱ्याला तेही विचारू नका. जाहिरातीचे मेसेज हवेत का, हा प्रश्न वेगळा आणि त्यानंतर. तो विचारताना सांगा की १९०९ वर डीएनडी, म्हणजे जाहिराती नकोत असं, नोंदवलेलं असलं तरी त्यांनी इथे दिलेल्या संमतीमुळे आपले मेसेज येतील. हे कुणी सांगत नाही, आणि मग लोकांना वाटतं दुकानाने नंबर विकला.

नाही म्हणाले की "बरं" म्हणा आणि पिशवी द्या. दुसऱ्यांदा विचारू नका. चेहरा पाडू नका.

टार्गेट भरायला दुसरा मार्ग काही जण काढतात, तो तुम्ही काढू नका. ग्राहकाने नकार दिला की मनाला येईल ते दहा आकडे टाकायचे. पण ते आकडे बहुधा कुणाचे तरी असतात. मग कोणी कुठल्या मापाचे आतले कपडे घेतले याचं बिल एका अनोळखी माणसाच्या फोनवर जातं. काही जण स्वतःचाच नंबर टाकून पॉइंट गोळा करतात. ते पकडलं गेलं की नोकरी जाते, आणि जायलाच हवी.

मॅनेजरशी एकटं बोला, सगळ्यांसमोर नको. त्यांच्यावरही वरून दबाव असतो. त्यांना दाखवा की जबरदस्तीने घेतलेल्या नंबरांत खोटे किती निघतात: महिन्याभरात न पोहोचलेल्या मेसेजची यादी मेसेज पाठवणाऱ्या कंपनीकडून मिळते, तीच काढून समोर ठेवा. किती नंबर आले याऐवजी नंबर दिलेल्यांपैकी किती जण परत खरेदीला आले, हे मोजा असं सुचवा. शिवाय माहिती साठवणं फुकट नाही, हेही सांगा. नव्या कायद्यात माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. अमेरिकेत रेडिओशॅक नावाची इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची साखळी साधे बॅटरीचे सेल घेणाऱ्यालाही नाव-पत्ता-फोन विचारायची. लोक वैतागले आणि २००२ मध्ये तिने ते बंद केलं. २०१५ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली तेव्हा ११ कोटी ७० लाख ग्राहकांच्या नोंदी विकायला काढलेल्या मालमत्तेत होत्या. राज्यांच्या ॲटर्नी जनरलनी, म्हणजे तिथल्या राज्य सरकारांच्या मुख्य वकिलांनी, हरकत घेतली म्हणून बरीचशी माहिती विक्रीतून वगळावी लागली. दुकान बंद झालं तरी दिलेली माहिती मागे उरते, हे ग्राहकाला आपल्यापेक्षा लवकर कळलेलं असतं.

एवढं करूनही मॅनेजर ऐकत नसतील तर मे २०२३ च्या त्या सूचनेची प्रत छापून त्यांच्या टेबलावर ठेवा. एखादा ग्राहक १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करीन म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका, बिल द्या आणि मॅनेजरना बोलवा. त्या क्षणी उत्तर त्यांनी द्यायचं आहे, तुम्ही नाही.