मिरजेत गाणं का रुजलं: जरा सविस्तर उत्तर

ताई, तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत म्हणून लांबलचक लिहितोय. एक म्हणजे गावाच्या पाण्यातच गाणं असतं म्हणतात ते कितपत खरं, आणि दुसरं, तुमची सोळा वर्षांची मुलगी गाण्यातच पुढे जायचं म्हणतेय तर तिला त्यासाठी पुण्याला ठेवायचं का. वरच्या उत्तरांत बऱ्याच जणांनी धारवाडच्या हवेतच गाणं आहे असं लिहिलंय. मी मिरजेबद्दल लिहितो कारण गाणं शिकायला लागल्यापासून तानपुऱ्याच्या कामासाठी तिथे माझं जाणंयेणं आहे, आणि गाव गवयाला घडवतं म्हणजे नेमकं काय करतं ते तिथे अगदी डोळ्यांनी बघता येतं.

पाण्याबिण्यावर माझा विश्वास नाही. गावात कोण कुणाच्या शेजारी राहतं, लोक पोटासाठी काय करतात, वर्षातून कुठल्या दिवशी गायलंच पाहिजे असा रिवाज आहे, यावर सगळं ठरतं.

मिरजेत आधी कारागीर बघा. तिथली सतार-तानपुऱ्याची घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारी माणसं. एकोणिसाव्या शतकात संस्थानांच्या लढाया संपल्या, हत्यारांचं काम बसलं, तेव्हा फरीदसाहेब आणि त्यांच्या भाऊबंदांनी वाद्यं दुरुस्त करायला घेतली, मग स्वतः बनवायला लागले आणि पुढे सतारमेकर हेच आडनाव झालं. आजही त्या गल्लीत गेलात तर दारात भोपळे वाळत पडलेले दिसतात. हा खायचा भोपळा नाही, कडू भोपळा, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, त्यामुळे तिकडे भीमेला पूर येऊन पीक गेलं की त्याचा चटका इथल्या कारागिराला बसतो. भोपळा वाळवायचा, मग पाण्यात भिजत घालायचा, कापून आतलं बी-गर साफ करायचं, ओला असतानाच आकार धरून ठेवायचा, मग त्याला गळा, दांडी आणि तबली म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी पाटी जोडत जायचं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकन, म्हणजे ही वस्तू याच गावची अशी सरकारी ओळख, मिळालं तेव्हा मला मनापासून आनंद झाला, फार आधी मिळायला हवं होतं.

आणि या सगळ्यात जवारी ही गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण माझा मुद्दा तिथेच आहे. तार ज्या घोडीवरून जाते तिचा माथा सपाट नसतो, अगदी किंचित उताराचा असतो आणि तार त्या उताराला घासत वाजते, म्हणून तानपुऱ्याचा तो भरलेला, झणझणता आवाज येतो. तो उतार कानसीने घासून जमवणं म्हणजे जवारी काढणं. कारागीर दोन हात कानस फिरवतो, तार परत घोडीवर घेतो, छेडतो, कान लावतो, परत तार बाजूला करतो, परत घासतो. मध्येच तारेखाली सुताचा दोरा सरकवतो आणि तो केसभर पुढेमागे करत राहतो, एका जागी आला की बंद खोलीची खिडकी उघडावी तसा आवाज एकदम मोकळा होतो. हे मोजायचं कुठलंही मीटर त्याच्याकडे नसतं. तो विचारतो, "तुमची पट्टी कुठली? जरा आवाज लावा बघू." गाणारा आपल्या पट्टीतला, म्हणजे ज्या उंचीवर तो गातो तिथला, सा लावतो आणि त्या आवाजाला धरून कारागीर जवारी खुली, म्हणजे जास्त झणझणती, ठेवायची की थोडी बंद ते ठरवतो. म्हणजे गाणाऱ्याचा गळा वाद्यात उतरतो, आणि नंतर रोज त्याच वाद्यासोबत रियाज करून ते वाद्य गळ्यात उतरतं!

आता किराणा घराण्याचे मोठे गवई अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले याचा अर्थ लावा. किराणा घराण्याच्या गाण्यात स्वर सगळ्यात आधी, एकेक स्वर घेऊन त्यात मुरायचं, आणि तसं गायचं तर मागचा तानपुरा निर्दोषच लागतो, तो जरा ढिला असला की गाणं उघडं पडतं. खाँसाहेब स्वतः वाद्यदुरुस्तीत तरबेज होते, जवारी स्वतः काढायचे. असा गवई आणि असे कारागीर एकाच गावात, चालत जाण्याच्या अंतरावर. मी तर म्हणेन की इतक्या बारीक स्वराचा ध्यास घ्यायला मिरजेसारखं दुसरं गाव त्यांना मिळालं नसतं. शेजारी सांगलीत कृष्णाजी बल्लाळ देवल, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ, बावीस श्रुतींचं, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरस्थानांचं, गणित मांडत होते, आणि त्यांनी ते तपासून घेतलं खाँसाहेबांच्या गळ्यावर.

गावात आणखी एक गोष्ट होती जिच्याकडे गाण्याबद्दल बोलताना कुणाचं लक्ष जात नाही, ती म्हणजे डॉक्टर. मिरज आजही दवाखान्यांचं गाव आहे, वानलेसबाबांचं मिशन हॉस्पिटल 1894 पासूनचं, पण त्याच्याही आधीपासून लोक उपचाराला इथे यायचे. पुढे मोठे गवई झालेल्या कुरुंदवाडच्या विष्णू दिगंबर पलुस्करांचे डोळे लहानपणी फटाक्याच्या दारूने अधू झाले, त्यांना उपचारासाठी मिरजेला आणलं, डोळे काही पूर्ण बरे झाले नाहीत, पण तिथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते, ग्वाल्हेर घराण्याची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे, त्यांच्याकडे मुलगा गाणं शिकायला बसला. खाँसाहेबांबद्दलही असंच सांगतात की प्लेगने आजारी पडले आणि मिरासाहेबांच्या दर्ग्यात बरे झाले, म्हणून मिरजेचेच झाले. जयपूर घराण्याचे गवई अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूरचे, पण सांगलीला आबासाहेब सांबऱ्यांच्या औषधासाठी येऊन राहिले, तिथे त्यांच्या कानावर शेजारच्या एका मुलीचा रियाज पडला, ती मुलगी म्हणजे पुढे मोठ्या गायिका झालेल्या मोगूबाई कुर्डीकर. ज्या गावात माणसं आजारपणामुळे महिना महिना थांबतात तिथे गवयाला शिष्य भेटायला सवड मिळते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

गाव नेहमी चांगलंच वागतं असंही नाही. पलुस्करांना मिरजेच्या संस्थानिकांचा आधार होता, पण त्यांच्या चरित्रात असं येतं की एका समारंभाचं बोलावणं त्यांना आलं आणि त्यांच्या गुरूंना आलं नाही, कारण गवयाला तेव्हा तेवढी प्रतिष्ठाच नव्हती. ते पलुस्करांना फार लागलं. 1896 मध्ये त्यांनी मिरज सोडली, पुढे तिकीट लावून जाहीर मैफली केल्या आणि 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय ही गाण्याची शाळा काढली. आज आपली मुलं ज्या गांधर्वच्या परीक्षा देतात त्याचं मूळ मला त्या अपमानात दिसतं.

मग येतो दर्गा. अब्दुल करीम खाँसाहेब 1937 मध्ये दक्षिणेत प्रवासात असताना सिंगपेरुमल कोईलच्या स्टेशनवर वारले, पण त्यांना मिरजेला आणून मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं, आणि तेव्हापासून उरुसात त्यांच्या स्मरणाची संगीत सभा होते. दर्ग्याच्या आवारात चिंचेच्या झाडाखाली गायक बसतात आणि हजेरी लावतात, शब्दच हजेरीचा आहे, बिदागीचा म्हणजे मानधनाचा हिशोब नाही. या उरुसात पहिल्या गलेफाचा, म्हणजे कबरीवर चढवायच्या चादरीचा, मान चर्मकार समाजाचा. समोर गर्दीत तंबोरे बनवणारे स्वतः बसलेले असतात, ते चेहऱ्याकडे बघत नाहीत, मान खाली घालून ऐकतात, आणि तार जराशी उतरली की त्यांची मान वर होते. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला अशा लोकांसमोर गायला लागणं हे कुठल्याही परीक्षेपेक्षा मोठं शिक्षण आहे. नवरात्रात तसाच मिरजेतल्याच अंबाबाईच्या देवळात उत्सव असतो, तिथेही नऊ दिवस गाणं. दोन्हीकडे ऐकायला येणारी माणसं बरीचशी तीच, आणि दोन्हीकडे तिकीट नाही.

रेल्वेचं थोडक्यात सांगतो. मिरज जंक्शन, पुण्याहून हुबळी-धारवाडकडे जाणारी लाइन इथूनच. अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व हुबळीजवळच्या कुंदगोळचे, पुढे त्यांच्याकडे गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी शिकले. तिकडे खाँसाहेबांची मुलगी, गायिका हिराबाई बडोदेकर, जन्म मिरजेचा आणि कारकीर्द पुण्या-मुंबईची. वर ज्यांनी धारवाड म्हटलं त्यांनी हे लक्षात घ्यावं की एक टोक ते आणि एक टोक पुणे, गाणं त्या लाइनवरून फिरलंय.

कोल्हापूर इतकं जवळ, तरी तिथलं गाणं वेगळं, कारण तिथे शाहू महाराजांचा दरबार होता, अल्लादिया खाँसाहेबांना आश्रय होता आणि त्यांचे चिरंजीव भूर्जी खाँ अंबाबाईच्या देवळात सेवेला होते. अवघड रागांची, पेचदार गायकी बारकाईने ऐकणारे जाणकार तिथे होते. त्याबद्दल वेगळं लिहावं लागेल.

आता तुमच्या मुलीबद्दल. पुण्याला ठेवा किंवा ठेवू नका, पण गाव निवडताना क्लासची फी आणि नाव एवढंच बघू नका. तिथे महिन्यातून किती वेळा तिला फुकटात किंवा थोडक्या पैशात चांगलं गाणं समोर बसून ऐकता येईल ते विचारा. तिला वर्षातून एकदा तरी जाणत्यांसमोर दहा मिनिटं गायला देणारी जागा आहे का ते बघा, देऊळ असो, दर्गा असो, एखाद्याचं दिवाणखान्यातलं बैठकीचं गाणं असो. गुरूंच्या घरी खरा तानपुरा लावून शिकवतात की मोबाइलवरचं ॲप, हेही विचारा. ॲप प्रवासात ठीक आहे, मीही वापरतो, पण त्याच्यावरच वाढलेल्या मुलांना तार लावता येत नाही आणि कान अर्धाच तयार होतो. आणि या नवरात्रात तिला घेऊन दोन दिवस मिरजेला या, संध्याकाळी देवळात गाणं ऐका, सकाळी सतारमेकर गल्लीत तिचा आवाज लावून एक लेडीज तानपुरा, म्हणजे बायकांच्या उंच पट्टीसाठी केलेला, बघा. लगेच घ्यायला हवा असं नाही, बघू देतात, वाजवूही देतात.