लाइन गेली की फ्रिज सुधारतो, तो का?

प्रश्न : फ्रॉस्ट-फ्री फ्रिजच्या वरच्या खणात बर्फ जमतो, खाली मात्र दूध नासते. दिवसभर लाइन गेली की पुढचे चार दिवस फ्रिज बरा चालतो. मेकॅनिक गॅस भरायला सांगतो. भरू का?
– एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : इतक्यात नको. लाइन नसताना कॉइलवरचा (फ्रीजरमागच्या गार नळ्यांवरचा) बर्फ वितळतो, खाली जाणाऱ्या गार हवेची वाट मोकळी होते. म्हणून संशय डीफ्रॉस्टवरच, म्हणजे हा बर्फ अधूनमधून आपोआप वितळवणाऱ्या यंत्रणेवरच जातो.

प्लग काढून फ्रीजरचे मागचे पॅनेल उघडा. पूर्ण कॉइल पांढऱ्या बर्फाने भरली असेल तर दोष डीफ्रॉस्टचा. एकाच कोपऱ्यात बर्फ असेल तरच गॅसची शंका घ्या. बर्फ सुरीने खरवडू नका, कॉइलला भोक पडले की खरेच गॅस जाईल.

मग मल्टिमीटर. बर्फ वितळवणाऱ्या हीटरची एक वायर सोडवून मोजा : १५० वॅटचा असेल तर साधारण ३५० ओहम. काहीच दाखवत नसेल तर तो जळाला. थर्मल फ्यूज (फार तापले की वीज तोडणारा) जोडलेला दाखवायला हवा. उडाला असेल तर नवा बसवा, थेट वायर जोडू नका, आग लागू शकते. बायमेटल (गार असता जुळणारा, तापला की उघडणारा स्विच) मात्र बर्फात गार असतानाच तपासा. उन्हाळ्यात ओसरीवर ठेवून मोजला तर चांगलाही उघडाच दाखवतो, आणि उगाच बदलला जातो.

तिन्ही ठीक? मग टायमरवाल्या फ्रिजमध्ये (टायमर ठरावीक वेळाने हीटर चालू करतो), बर्फ पुन्हा धरल्यावर, टायमर पेचकसाने टक् आवाज येईपर्यंत फिरवा. कॉम्प्रेसर थांबून हीटर तापला, पण एरवी आपोआप कधीच तापत नसेल, तर टायमर बदला.