पैसे जास्त आले की आई घाबरायची

दापोली तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका म्हणाल्यात, म्हणून मजकूर थोडा आवरून देते:

"मुलगा बारावी सायन्सला आहे, पीसीएम. बोटीवर जायचं म्हणतो. धाकटे दीर टँकरवर बोसन (डेकवरच्या खलाशांचे मुकादम) आहेत, त्यांचं बघून मनात घेतलंय. २०२४ च्या जानेवारीत दिरांची बोट तांबड्या समुद्रातून जायची होती, ती ऐन वेळी आफ्रिकेला वळसा घालून गेली. जाऊ दिवसरात्र मोबाइलवर बोटीचा ठिपका बघत बसायची. शिमग्याला येणारे दीर मे महिन्यात घरी आले ते गप्पच. त्यानंतर एक फेरी करून आता परत घरी आहेत, तरी त्या दिवसांबद्दल अवाक्षर काढत नाहीत. मी नको म्हटलं तर मुलाचे बाबा म्हणतात, हे तुझं बायकी भ्यायलेपण. मुलगा म्हणतो, लढाई काय कायम चालते का? त्यात ओळखीचा एक माणूस पाच लाखांत डायरेक्ट जॉइनिंग देतो म्हणतोय, परीक्षा नको, कोर्स नको. माझ्या बांगड्या मोडल्या तर निम्मे होतील. काय करू?"

ताई, सप्रेम नमस्कार.

असा गप्प माणूस आमच्याही घरात होता. माझे वडील तेलाच्या बोटींवर पंपमन होते, म्हणजे तेल भरण्या-उतरवण्याचे पंप सांभाळायचे. इराण-इराकची लढाई १९८० ला सुरू झाली ती ८८ पर्यंत चालली आणि १९८४ नंतर तर दोन्ही बाजूंनी आखातातल्या टँकरांवरच मारा सुरू केला. वडिलांची बोट इराणच्या खार्ग बेटावर तेल भरायला जायची, आणि खार्गवर इराकी विमानं बॉम्ब टाकायची. हे आम्हाला पुढे कळलं. तेव्हा घरी यायची ती फक्त मनीऑर्डर. दर महिन्याला कंपनीच्या मुंबई ऑफिसातून ठरलेली रक्कम, आईच्या लेखी तीच खुशाली.

८७ साली एका महिन्यात एकाऐवजी दोन मनीऑर्डरी आल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, बढती मिळाली वाटतं, पेढे द्या. आईने दोन्हीकडे सह्या केल्या, दुसरीच्या नोटा तांदळाच्या डब्यात तळाशी घातल्या, आणि त्या दिवशी ती जेवली नाही. बोटीवरच्या माणसाच्या बायकोला हा हिशेब कुणी शिकवावा लागत नाही. बोट लढाईच्या टापूत शिरली की भत्ता वाढतो. वडील चार महिन्यांनी घरी आले, तोवर त्या नोटांना तिने हात लावला नाही. मग त्यातून विहिरीवर पंप बसला.

म्हणून 'बायकी भ्यायलेपण' हा शब्द मला मान्य नाही. करिअरचा जमाखर्च मांडताना फी, पगार, बढती सगळं धरतात. घरच्यांच्या झोपेचा रकाना कोणी आखत नाही. तुम्ही तो आखलात, एवढंच.

मुलाच्या प्रश्नाला आधी उत्तर देते. एकच लढाई कायम चालत नाही, हे त्याचं खरं आहे. पण पस्तीस वर्षांच्या नोकरीत एखादी वाट्याला येतेच, फक्त जागा बदलते. वडिलांना आखात आलं. मार्च २०२२ मध्ये युक्रेनच्या मिकोलाइव्ह बंदरात ७५ भारतीय खलाशी अडकले होते, त्यांना आपल्या दूतावासाने बाहेर काढलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझाची लढाई पेटली आणि महिनाभरात तिची झळ तांबड्या समुद्राला लागली. गाझाची बाजू घेणाऱ्या येमेनच्या हूती बंडखोरांनी १९ नोव्हेंबरला 'गॅलेक्सी लीडर' ही बोट पळवली. तिच्यावरचे २५ जण फिलिपिन्स, बल्गेरिया, रोमानिया, युक्रेन, मेक्सिकोचे. गाझाशी काडीचा संबंध नसलेली ही माणसं सुटली ती जानेवारी २०२५ मध्ये. डिसेंबर २०२३ मध्ये 'केम प्लूटो'वर ड्रोन आदळलं ते तर गुजरातच्या किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांच्या आसपास. तिच्यावर बहुतेक सगळे भारतीयच होते, आणि ती बोट नाताळात मुंबईला आणून लावली. पुढच्या महिन्यात एडनच्या आखातात 'मार्लिन लुआंडा'ला क्षेपणास्त्र लागलं, त्यावर २२ भारतीय. आपल्या नौदलाच्या 'विशाखापट्टणम'वरून माणसं गेली आणि आग विझवायला हात लावला.

आता दुसरी बाजू. २०२४ संपेपर्यंत त्या पट्ट्यात शंभरावर जहाजांवर हल्ले झाले आणि त्यांत चार खलाशी गेले. जुलै २०२५ मध्ये आणखी दोन बोटी बुडवल्या, तेव्हाही माणसं गेली. तुम्ही म्हणाल, एक गेला तरी कुणाचा तरी मुलगाच. बरोबर. पण जगातल्या दर दहा खलाशांमागे साधारण एक भारतीय आहे, आणि त्यातल्या बहुतेकांच्या घरी ही लढाई पोचली ती क्षेपणास्त्र होऊन नव्हे. पोचली ती उशीर होऊन. सुएझ सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घातला की एका फेरीला दहा ते चौदा दिवस वाढतात. बदली माणूस वेळेवर चढत नाही, कॉन्ट्रॅक्ट लांबतं, घरचा शिमगा जातो. तुमचे दीर मार्चऐवजी मेमध्ये आले त्याचं कारण बहुधा हेच. (नाशिकच्या द्राक्षवाल्यांनीही त्या हंगामात हाच वळसा सोसला. कंटेनर युरोपला उशिरा पोचत होते आणि भाडं चढत होतं. पण ती गोष्ट पेपरात आली, बोसनच्या घरची येत नाही.)

आणि तुमच्या जाऊबाईंना एक निरोप द्या. ॲपवरचा ठिपका हलेनासा झाला म्हणजे बोट बुडाली असं नाही. धोक्याच्या पट्ट्यात कित्येक कप्तान तो ठिपका दाखवणारा सिग्नल मुद्दाम बंद ठेवतात. ठिपक्यावर डोळे लावण्यापेक्षा वहीच्या पहिल्या पानावर चार गोष्टी लिहून ठेवायच्या: बोटीचा सात आकडी आयएमओ नंबर (बोटीचा ओळखक्रमांक; बोट विकली, नाव बदललं तरी हा बदलत नाही), ज्या कंपनीमार्फत माणूस चढला तिचं नाव आणि लायसन नंबर, त्यांचा रात्री उचलला जाणारा फोन, आणि युनियनच्या मुंबई ऑफिसचा नंबर. आमच्या आईकडे यातलं काहीच नव्हतं.

आता त्या पाच लाखांच्या माणसाबद्दल. तुम्ही पत्रात त्याला दोन ओळी दिल्यात, मला दोन पानं द्यावीशी वाटतात.

लढाईच्या टापूत जायचं की नाही, हे खलाशालाही बोलता येतं. सागरी कामगारांचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. बोट युद्धक्षेत्राकडे निघाली आणि माणसाची संमती नसेल, तर त्याला घरी पाठवण्याची तरतूद त्यात धरली आहे. युनियन आणि मालक यांच्यातल्या आंतरराष्ट्रीय करारात त्याहून पुढे जाऊन लिहिलंय: जाहीर केलेल्या युद्धसदृश क्षेत्रात जायला नकार देता येतो, कंपनीच्या खर्चाने परत येता येतं, आणि गेलाच तर त्या दिवसांचा मूळ पगार दुप्पट, काही बरंवाईट झालं तर भरपाईही दुप्पट. पण हे सगळं ज्याच्या करारनाम्यावर असा करार लागू आहे त्यालाच. तुमच्या दिरांची बोट वळली, कारण तिच्यामागे वळवणारी कंपनी होती. वळशाचा खर्च परवडत नाही अशा जुनाट बोटीही समुद्रावर आहेत. त्यांना माणसं लागतात, आणि चांगल्या कंपनीतला अनुभवी खलाशी त्यांच्यावर चढत नाही. मग चढतो कोण? कागद न वाचता, कर्ज काढून आलेला, 'नाही' म्हणायची सोय नसलेला मुलगा. डायरेक्ट जॉइनिंगचं दार बऱ्याचदा तिकडेच उघडतं.

माझ्याकडे दोन वर्षांपूर्वी गुहागरकडचा एक मुलगा आला होता. एजंटला साडेतीन लाख दिलेले. टुरिस्ट व्हिसावर आखातातल्या एका बंदरात नेलं, गंजलेल्या टगवर (मोठ्या बोटी ओढणाऱ्या छोट्या बोटीवर) चढवलं. सात महिने पगार नाही, पासपोर्ट मालकाकडे. परत आला तेव्हा त्याच्या हातातला सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) बघून मी काही बोलू शकले नाही, कारण त्यावर नोंदवलेला एक दिवसही पुढे परीक्षेला धरता येणार नव्हता. असा तो एकटा नाही. मालकांनी वाऱ्यावर सोडलेल्या खलाशांत २०२४ मध्ये सर्वांत जास्त भारतीय होते.

तेव्हा नियम सोपा ठेवा. खलाशाला बोटीवर चढवणाऱ्या कंपनीकडे डीजी शिपिंगचं, म्हणजे जहाजवाहतुकीच्या सरकारी खात्याचं, लायसन लागतं, त्याला आरपीएसएल म्हणतात, आणि अशा कंपनीला नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. मेडिकल, पासपोर्ट, सीडीसीचा खर्च आपला, बाकी नाही. लायसनवाल्यांची यादी डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर आहे. त्या ओळखीच्या माणसाला लायसन नंबर विचारा. तो नात्यातला असला तरी विचारा. नात्यातला असेल तर आधी विचारा.

सरळ रस्ता कुठला? मुलगा पीसीएमला आहे, तर अधिकारी होण्याचा रस्ता त्याला खुला आहे. आयएमयू-सीईटी ही सागरी विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा, पीसीएममध्ये सरासरी ६० टक्के आणि इंग्रजीत ५०. त्यातून डेकच्या (बोट हाकण्याच्या) बाजूला एक वर्षाचा डीएनएस हा डिप्लोमा किंवा तीन वर्षांची बीएस्सी नॉटिकल, इंजिनच्या बाजूला चार वर्षांचं बीटेक. डीएनएसला जायचं असेल तर कंपनीचं स्पॉन्सरशिप लेटर हातात असल्याशिवाय फी भरू नका. कोर्स झाला आणि ट्रेनिंगला बोटच मिळाली नाही, अशी मुलं मी ढिगाने पाहिलीत. मार्क कमी पडले तर काकांचा रस्ता आहेच: दहावीवर सहा महिन्यांचा जीपी रेटिंग, म्हणजे साध्या खलाशाचा कोर्स. तिथेही बोटीपेक्षा मुलं जास्त आहेत, हे आधीच सांगून ठेवते.

पण या सगळ्याच्या आधी एक काम करा. डीजी शिपिंगच्या मान्यतेच्या डॉक्टरकडे डोळे तपासा. रंगांधळेपणा असेल तर डेक आणि इंजिन दोन्ही दारं बंद, आणि घरात कुणाला पत्ता नसतो. डेकला चष्म्याशिवायची नजर चांगली लागते, इंजिनला ठरावीक नंबरपर्यंत चष्मा चालतो. हजार-दोन हजारात होणारं काम आहे. ते होईपर्यंत बांगड्यांचा विषय काढायचा नाही. आणि पुढे फी भरायची वेळ आलीच तर शैक्षणिक कर्ज बघा, सोनं शेवटी.

थोडं मुलासाठी. बाळा, तुला बोट आवडते ती काकांमुळे, आणि काका ज्या गोष्टीबद्दल बोलत नाहीत तीही त्याच नोकरीचा भाग आहे. कोकण आणि गोव्याच्या माणसाला परक्यांच्या लढाया नव्या नाहीत. मशीद बंदरला खलाशांच्या जुन्या वसतिगृहात पहिल्या महायुद्धात बुडालेल्या दोन हजारांवर हिंदी खलाशांचं स्मारक आहे. मुंबईला आलास की बघून ये. त्यानंतरही जावंसं वाटलं तर जा, मी तुला अडवणार नाही. फक्त पहिल्या करारनाम्याची सही करण्याआधी त्यातलं युद्धक्षेत्राचं कलम मला वाचून दाखव. ते कलमच नसेल तर सही करू नकोस.

ताई, शेवटचा मुद्दा दिरांचा. त्यांना जेवायला बसल्यावर सगळ्यांसमोर काही विचारू नका. माझे वडील खार्गबद्दल आयुष्यात एकदाच बोलले. त्याच विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह अडकला होता, ते पायरीवर बसून तो खोलत होते आणि मी पाने हातात देत होते. नजर नटबोल्टावर ठेवून वीसेक मिनिटं बोलले, मग म्हणाले, तेरा नंबरचा पाना दे. तुमच्या कलमांच्या बागेचा गडगा पावसात कुठेतरी ढासळला असेलच. पुढच्या रविवारी काका-पुतण्याला दोघांनाच तिकडे पाठवा. चहा नंतर न्या, घाईने नको.