‘फेड’ करायचं की विरवायचं?

ब्लेंडर या थ्रीडी ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरबद्दल एक विचारणा अशी आहे: ‘ब्लेंडरवर मराठीत धडे लिहितोय. मटेरियलची ट्रान्सपरन्सी ॲनिमेट करणे याला “साहित्याच्या पारदर्शकतेचे सजीवीकरण” म्हटलं तर चालेल का? आणि ओपॅसिटीला अपारदर्शकता म्हणायचं का?’

आधी ते ‘साहित्य’ काढा. ‘साहित्याची पारदर्शकता’ वाचल्यावर वाचक समीक्षा ऐकायच्या तयारीने बसेल. मटेरियल (वस्तूचा पृष्ठभाग कसा दिसावा ते ठरवणारी मांडणी) हा शब्द शिकणाऱ्याला पडद्यावर दिसणारच आहे, तो तसाच राहू द्या. ‘सजीवीकरण’ही मला इथे पटत नाही. एक गोळा हळूहळू दिसेनासा झाला, यात सजीव काय झालं? ॲनिमेट करणं, कीफ्रेम लावणं (ठरावीक फ्रेमला आकडा नोंदवून ठेवणं) हे आपण बोलताना सहज म्हणतो, तेच लिहावं.

खरा घोळ ‘पारदर्शकता’ या शब्दात आहे. पार म्हणजे पलीकडची बाजू, म्हणून पारदर्शक म्हणजे पलीकडचं दाखवणारं. पण दाखवणारी वस्तू जागेवरच असते. खिडकीची काच कितीही लख्ख पुसा, तिच्यावर उजेडाची तिरीप चमकतेच. (‘पारदर्शक कारभार’ची तर गंमतच आहे. तिथे कारभार दिसावा अशी आपली अपेक्षा असते, पण शब्दाप्रमाणे गेलं तर कारभार सोडून पलीकडचंच सगळं दिसायला हवं.)

आता ब्लेंडरमध्ये एक साधा, गुळगुळीत गोळा घ्या. त्याच्या प्रिन्सिपल्ड शेडरमध्ये (मटेरियलच्या गुणांचे आकडे जिथे भरतात तिथे) दोन वेगवेगळे आकडे आहेत: ट्रान्समिशन, म्हणजे वस्तूतून प्रकाश किती आरपार जातो ते, आणि अल्फा, म्हणजे वस्तू मुळात किती दिसते ते. सेकंदाला २४ फ्रेम धरून पहिल्या फ्रेमला ट्रान्समिशन ०, अठ्ठेचाळिसाव्या फ्रेमला १ ठेवा. आकड्यावर माउस नेऊन ‘आय’ दाबलं की कीफ्रेम लागते. दोन सेकंदांत गोळा काचेचा होतो. मागचं दृश्य त्यात उलटं दिसू लागतं, कारण काचेचा अपवर्तनांक साधारण १.५ आणि प्रकाश वाकतो. चकाकी मात्र तशीच राहते. हा गोळा पारदर्शक झाला, शब्दाच्या पुऱ्या अर्थाने.

तोच गोळा पुन्हा मूळ स्थितीत आणा आणि या वेळी अल्फा १ वरून ० वर न्या. मागचं दृश्य वाकत नाही, उलटं होत नाही. गोळ्याबरोबर चकाकीही फिकी पडते आणि शेवटच्या फ्रेमला काहीच उरत नाही. याला पारदर्शक होणं म्हणवत नाही. गोळा विरला.

‘विरणे’ मी नुसतं कानाला गोड लागतं म्हणून सुचवत नाही. अल्फाचा उगम पाहिला तर तो नेमका बसतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये एड कॅटमल आणि ॲल्व्ही रे स्मिथ या संगणक-चित्रांच्या संशोधकांनी चित्राच्या लाल, हिरव्या, निळ्या रंगांच्या तीन वाहिन्यांबरोबर ही चौथी वाहिनी ठेवली. दोन चित्रं ठरावीक प्रमाणात मिसळण्याच्या सूत्रात त्या प्रमाणाला अल्फा हे अक्षर वापरतात, तेच नाव तिला मिळालं. पुढे १९८४ मध्ये पोर्टर आणि डफ या संशोधकांनी चित्रं एकावर एक बसवण्याचं गणित मांडलं, त्यात अल्फा म्हणजे पिक्सेलचा किती भाग झाकला गेला आहे ते. अल्फा अर्धा, म्हणजे अर्धा पिक्सेल झाकलेला, अर्धा उघडा.

आता कापड आठवा. वापरून वापरून कापड विरतं तेव्हा धागे विरळ होतात आणि मधून पलीकडचं दिसू लागतं. धागा काही काचेचा होत नाही, झाकणं कमी होतं. ब्लेंडरच्या इव्ही या रेंडरमधला (दृश्याचं अंतिम चित्र बनवणाऱ्या भागातला) ‘डिदर्ड’ प्रकार डोळा लावून पाहिलात तर हेच दिसेल: काही ठिपके रंगवलेले, काही सोडून दिलेले, अगदी जुन्या धोतरासारखे. शिवाय धुकं विरतं, ढग विरतात, आवाज विरत जातो. क्रिया हळूहळू होते हे त्या क्रियापदातच आहे, वेगळं सांगावं लागत नाही.

या भेदाचा फटका मी स्वतः खाल्ला आहे. एक पात्र ‘पारदर्शक’ करायचं म्हणून सगळ्या मटेरियलांचा अल्फा खाली आणला. अर्ध्यावर आल्यावर गालातून दातांच्या दोन्ही कवळ्या दिसायला लागल्या आणि कपाळाखाली डोळ्यांचे अख्खे गोळे. प्रत्येक पृष्ठभाग आपापला विरत होता. मला हवं होतं ते पात्राचं संपूर्ण चित्रच विरणं, आणि ते काम रेंडर झाल्यावर कंपोझिटिंगमध्ये (तयार चित्रं एकावर एक बसवण्याच्या टप्प्यात) करायचं असतं. तेव्हा धड्यात ‘मटेरियल विरणं’ आणि ‘चित्र विरणं’ असे दोन प्रयोग वेगळे ठेवा.

हळूहळू फिकं करणं यासाठीचा इंग्रजी शब्द घेऊन ‘फेड करणे’ लिहिणं टाळा असंही सांगेन. देवनागरीत ‘अल्फा फेड करा’ वाचलं की मला कर्जफेड आठवते. आपल्याकडे कर्ज फेडतात, पांग फेडतात, डोळ्यांचं पारणं फेडतात. अल्फाचं आपण काही देणं लागत नाही.

ओपॅसिटीला कोशातला शब्द अपारदर्शकता हाच, आणि तो चूक नाही. पण तो नकारातून बनलेला आहे. ‘अपारदर्शकता कमी करत शून्यावर आणा’ या वाक्यात नकारावर नकार चढतो आणि वाचणारा मनात उलटसुलट हिशेब करत बसतो. त्यात सॉफ्टवेअरांचा आपसांत मेळ नाही. माया या दुसऱ्या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या जुन्या मटेरियलांत ट्रान्सपरन्सी असते, तिथे पांढरं (म्हणजे १) म्हणजे आरपार. इतरत्र ओपॅसिटी किंवा अल्फा, तिथे पांढरं म्हणजे पूर्ण झाकलेलं. मटेरियलची माहिती साठवणाऱ्या एमटीएल फाइलीत तर ‘डी’ म्हणजे डिझॉल्व्ह, आणि तो १ असला की वस्तू अजिबात विरघळलेली नसते! म्हणून आकड्याचं नाव पडद्यावर जे असेल तेच लिहा आणि शेजारी दिशा सांगा: १ म्हणजे दाट, ० म्हणजे विरून गेलेलं. दाट आणि विरळ ही जोडी आपल्याकडे तयारच आहे. ‘भरीव’ माझ्याही मनात आला होता, पण ब्लेंडरमध्ये सॉलिड, म्हणजे भरीवच, नावाचा दृश्य दाखवण्याचा प्रकार आधीच आहे.

ट्रान्सल्युसंटला शाळेच्या पुस्तकातला ‘अर्धपारदर्शक’ पुरे. विश्वकोशातल्या खनिजांच्या नोंदींत ‘पारभासी’ भेटतो, तोही चांगला. मात्र अल्फा ०.५ ला अर्धपारदर्शक म्हणू नका, तो शब्द दुधी काचेसाठी राखून ठेवा.

धड्यातलं वाक्य मी असं लिहीन: ‘पहिल्या फ्रेमला अल्फा १ ठेवून कीफ्रेम लावा, अठ्ठेचाळिसाव्या फ्रेमला ० करून पुन्हा लावा; गोळा विरत जाऊन दिसेनासा होईल.’ उलट दिशेला ‘गोळा उमटेल’. आणि ब्लेंडर ४.२ च्या आधीची आवृत्ती असेल तर इव्हीमध्ये सावलीची सेटिंगही तपासायला सांगा, नाहीतर गोळा विरतो आणि सावली तशीच जमिनीवर पडून राहते.